आधी तुम्ही या

व्यसनमुक्तीच्या कामात फोन घेणाऱ्या कुणालाही विचारा, सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य एकच: "मुलगा यायला तयारच नाही हो, मग आम्ही काय करायचं?" विचारणारी बहुतेक वेळा आई असते. आवाज दबका, कारण पलीकडच्या खोलीत तो झोपलेला असतो. मी म्हणते, "मग तुम्ही या." त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "पण पितो तो. मी येऊन काय करू?"

आईबाबांनो, आज तुमच्याशी एवढ्याच प्रश्नावर बोलायचं आहे. कारण या एका प्रश्नाशी अडून घरंच्या घरं वर्षानुवर्षं थांबलेली मी पाहिली आहेत. तो तयार होईल, मग नेऊ. परीक्षा होऊ दे, मग बघू. बहिणीचं लग्न पार पडू दे, मग बोलू. तोवर गांजाचा एमडी (मेफेड्रोन) झालेला असतो, बिअरची क्वार्टर झालेली असते आणि घरातलं सोनं सोसायटीत गहाण पडलेलं असतं.

आपल्या डोक्यात उपचाराचं एक चित्र पक्कं बसलेलं आहे. मुलाला गाडीत घालून केंद्रात नेऊन सोडायचं, महिनाभराने बरा झाला की आणायचं, मधल्या काळात आपण देवाची प्रार्थना करायची. या चित्रात आईवडिलांना कामच नाही. प्रत्यक्षात व्यसन सगळ्या घराची घडी बदलतं. कोण कधी झोपणार, पाकीट कुठे ठेवायचं, पाहुण्यांना बोलवायचं की नाही, फोन वाजला की कुणी उचलायचा, हे सगळं त्याच्या पिण्याभोवती फिरू लागतं. मग उपचार एकट्या त्याचाच कसा पुरेल?

आणि ही नुसती माझी समजूत नाही. १९९९ साली अमेरिकेत विल्यम मिलर, रॉबर्ट मेयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जवळचा दारू पिणारा माणूस उपचाराला नकार देतो आहे अशी १३० माणसं त्यांनी घेतली, म्हणजे पिणारे नव्हे, त्यांचे आईवडील, नवरा-बायको, जवळचे लोक. त्यांचे तीन गट केले. एका गटाला शिकवलं की घरात बोलायचं कसं, तो शुद्धीत असेल तेव्हा त्याच्याशी चांगलं कसं वागायचं, पिऊन आला की बाजूला कसं व्हायचं, त्याच्या चुका स्वतः निस्तरणं कसं थांबवायचं आणि उपचाराचा विषय नेमका कधी काढायचा. या गटातल्या ६४ टक्के घरांतला पिणारा माणूस उपचाराला आला. सगळ्या नातेवाइकांनी मिळून त्याला एकदम समोर बसवून जाब विचारायचा, ही पद्धत ज्यांना शिकवली त्यांच्यात हे प्रमाण ३० टक्के होतं. तिसऱ्या गटाला अल-अनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या आधारगटांच्या, वाटेने नेलं, तिथे १३ टक्के. (अल-अनॉनवर अन्याय नको म्हणून सांगते, त्या गटांचा हेतू मुळात घरच्यांना स्वतःला सावरणं हाच आहे, आणि ते काम ते फार चांगलं करतात.) मला त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. नवरा-बायकोपेक्षा आईवडिलांना जास्त यश आलं, आणि साधारण चार ते सहा भेटींतच पिणारा माणूस दारात आला. तुमच्या शब्दाला अजून वजन आहे. तो कितीही उलट बोलत असला तरी आहे.

पहिल्या भेटीत काय होतं, याची भीती बऱ्याच जणांना असते. काही होत नाही. एक खोली, खुर्च्या, चहा. मागे एकदा एक आई आल्या. बसल्या बसल्या पर्समधून त्यांनी मिठाईच्या दुकानाची पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत चुरगळलेला चांदीचा कागद होता, मधोमध काळा पडलेला, अर्धवट जळालेल्या काड्या, आणि गुंडाळून नळी केलेली दहाची नोट. मुलाच्या गादीखाली मिळालेलं हे सगळं त्यांनी साड्यांच्या कपाटात जपून ठेवलं होतं. टाकून द्यायचा धीर नव्हता आणि नवऱ्याला दाखवायचाही नव्हता. "हे काय आहे तेवढं मला सांगा," एवढंच त्या म्हणाल्या. मी सांगितलं. चांदीवर पूड ठेवतात, खालून काडी लावतात, धूर नळीने ओढतात. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मी विचारलं, तुम्हाला रात्री झोप लागते का? त्यावर मात्र त्यांना रडू आवरेना. इतक्या महिन्यांत तो प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

त्या पुढे दर आठवड्याला पालकांच्या बैठकीला येत राहिल्या. मुलाला यायला बराच काळ लागला. पण घरात फरक आधीच पडला होता, कारण त्यांनी एक गोष्ट केली. त्याच्या नावाने दारात येणाऱ्या उधारीवाल्यांना पैसे देणं बंद केलं.

या पैशांपाशी थोडं थांबू या, कारण इथेच आपण सगळे अडखळतो. मुलाने कुणाकडून दहा हजार घेतले, तो माणूस दारात उभा राहिला, गल्लीत तमाशा नको म्हणून वडिलांनी भरले. कॉलेजातून बोलावणं आलं, आईने आजारपणाची चिठ्ठी दिली. कामावर दांडी झाली, बहिणीने फोन करून ताप असल्याचं सांगितलं. प्रत्येक वेळी हेतू प्रेमाचाच असतो. पण प्रत्येक वेळी व्यसनाने त्याला जो धक्का द्यायचा तो आपण मधे पडून अंगावर घेतो, आणि त्याच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. त्याच्या दृष्टीने सगळं नीट चाललेलं असतं. म्हणून आम्ही म्हणतो, जेवण द्या, अंथरूण द्या, औषधाचे पैसे थेट औषधाच्या दुकानात द्या. रोख हातात देऊ नका, उधारी फेडू नका, खोटं बोलू नका. घरातून हाकलून द्या असं मात्र मी कुणाला सरसकट सांगत नाही. घरात मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आधी स्वतःला आणि लहानांना सुरक्षित करायचं. एरवी दार उघडं आणि पाकीट बंद, एवढं जमलं तरी पुष्कळ.

आपल्याकडचे घरगुती उपायही बोलून घेऊ. एक म्हणजे शपथ. आईच्या डोक्यावर हात ठेवून, देवापुढे नारळ ठेवून घेतलेली. शपथ घेताना तो खोटं बोलत नसतो, त्या क्षणी त्याला खरंच सोडायचं असतं. पण व्यसनात मेंदूची रचनाच अशी बदललेली असते की ओढ आली की शपथ टिकत नाही, आणि मोडली की त्याला स्वतःचीच किळस येते आणि ती विसरायला तो पुन्हा पितो. पंढरीची माळ घालून दारू सुटलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. नीट पाहिलं तर त्यांना माळेसोबत वारी मिळाली, दिंडी मिळाली, एकादशी मिळाली, चार माळकरी सोबती मिळाले. नुसती माळ गळ्यात घालून पोराला जुन्याच कट्ट्यावर परत पाठवलं तर माळ खुंटीला लागते.

दुसरा उपाय, "दोनाचे चार हात करून टाका, ताळ्यावर येईल." हे कृपा करून करू नका. हात जोडून सांगते. कुणाची तरी मुलगी तुमच्या मुलाचं औषध म्हणून आणू नका.

तिसरा उपाय सर्वांत धोक्याचा. "पेशंटला न कळता दारू सोडवा" अशा जाहिराती तुम्ही भिंतींवर, एसटीत वाचल्या असतील. अनेक घरांत डायसल्फिरामची गोळी आमटीत, चहात गुपचूप घातली जाते. हे औषध खरं आहे, दारू सोडवण्यासाठी त्याचा उपयोग होतो हे डेन्मार्कमध्ये १९४० च्या दशकात लक्षात आलं आणि डॉक्टर ते आजही देतात. ते पोटात असताना दारू घेतली की दारूचं शरीरात पुढे नीट पचन होत नाही आणि एक विषारी द्रव्य साठत जातं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा त्रास असलेला माणूस यात दगावूही शकतो. म्हणूनच हे औषध घेणाऱ्याला सगळं समजावून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करून द्यायचं असतं. गुपचूप दिलं तर जिवाचा धोका, आणि एक दिवस त्याला कळलं की आईच्या हातच्या जेवणावरचा विश्वासही गेला.

तसंच, रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम दारू बंद करण्याचा प्रयोग घरी करू नका. शेवटच्या प्याल्यानंतर काही तासांतच हात थरथरू लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काही जणांना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, अंगात ताप भरतो. घरच्यांना वाटतं बाहेरची बाधा झाली. बाधा नाही, ही डिलिरियमची अवस्था आहे आणि उपचार न मिळाल्यास माणूस यात मरूही शकतो. या दिवसांत डॉक्टर, औषधं आणि बी-वन जीवनसत्त्व लागतं. गर्द बंद केल्यावरचा त्रास, ज्याला ही मुलं टर्की म्हणतात, सहसा जीव घेत नाही, पण अंगदुखी, जुलाब आणि तळमळ इतकी असते की औषधांच्या आधाराशिवाय मुलं पळून जातात.

आता केंद्राबद्दल. महाराष्ट्राला या कामाची चांगली परंपरा आहे. मुंबईत वांद्र्याला फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. पुण्यात अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी पुढे केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण उभं राहिलं. ते प्रत्यक्षात चालवलं डॉ. अनिता अवचट यांनी. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि केंद्राची सुरुवात त्याच आवारात झाली. रुग्ण त्यांना मॅडम म्हणत. १९९७ मध्ये त्या गेल्या, आणि पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी धुरा घेतली. मला या कामातल्या दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक, जे स्वतः व्यसनातून बाहेर पडले त्यांनाच कार्यकर्ते म्हणून उभं केलं. नव्याने आलेल्या पोराला डॉक्टर जे सांगून पटत नाही, ते "मीही याच खाटेवर पडलो होतो" म्हणणारा माणूस पटवून देतो. दुसरी, घरच्यांना पहिल्यापासून उपचारात धरलं. पत्नींसाठी सहचरी नावाचा गट सुरू झाला, तिथे बायका स्वतःसाठी बोलू लागल्या. आज राज्यात लहानमोठ्या अनेक संस्था याच वाटेने चालल्या आहेत.

पण सगळीच केंद्रं तशी नाहीत, हेही सांगायलाच हवं. रात्री गाडी येते, चार धटिंगण मुलाला उचलून नेतात, तिथे मारहाण, उपाशी ठेवणं, साखळीने बांधणं चालतं, अशा जागा आहेत. हताश झालेले आईबाप तिथे भरपूर पैसे मोजतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. त्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे आणि अशा आस्थापनेची नोंदणी सक्तीची आहे. तेव्हा दाखल करण्याआधी स्वतः जाऊन बघा. नोंदणीचा कागद मागा. डॉक्टर कधी येतात, रात्री कोण असतं, विचारा. स्वयंपाकघर आणि संडास पाहा. तिथे राहत असलेल्या दोघा-तिघांशी कार्यकर्त्याच्या गैरहजेरीत बोला. आत फिरू देत नसतील, महिना-दोन महिने मुलाला भेटायला पूर्ण मनाई असेल, किंवा "शंभर टक्के गॅरंटी" म्हणत असतील तर तिथून उठा.

गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, कारण हा परत उलटणारा आजार आहे. उपचार घेतलेल्यांपैकी साधारण ४० ते ६० टक्के लोक कधी ना कधी पुन्हा एकदा तरी घसरतात असं तज्ज्ञ मानतात. रक्तदाब किंवा दम्याचे रुग्ण औषधपाणी सोडून पुन्हा आजारी पडतात, त्याचं प्रमाणही जवळपास असंच आहे. दम्याचा अटॅक आलेल्या मुलाला आपण "तोंड काळं कर" म्हणत नाही. मुलगा घसरला की पहिले दोन दिवस फार महत्त्वाचे. "गेले सगळे पैसे पाण्यात" हे वाक्य गिळा आणि संस्थेला फोन लावा. लवकर परत आला तर बहुधा थोडक्यात सावरतो. लाजेपोटी घराने लपवलं तर पुन्हा तळाशी जातो. केंद्रातला महिना हा सुरुवातीचा भाग आहे. खरं काम त्यानंतर, पाठपुराव्याच्या भेटीत, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस किंवा नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकांत, नव्या दोस्तांत आणि रोजच्या कामाधंद्यात होतं. त्या मंडळींत दारूशिवाय एक वर्ष पूर्ण झालं की वाढदिवस करतात. बोलावलं तर जा, संकोच करू नका.

पोलिसांची भीती अनेकांना गप्प बसवते. गांजा किंवा गर्द ओढणाऱ्या मुलाला केंद्रात नेलं तर गुन्हा दाखल होईल का? संस्था तुमची माहिती पोलिसांना द्यायला बसलेली नसते. शिवाय अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातच कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला त्या गुन्ह्याच्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. विक्रीच्या प्रकरणाला हे लागू नाही. म्हणून मुलगा पिणारा आहे तोवरच हालचाल करा, पैशासाठी पुड्या पोहोचवू लागण्याआधी.

घरातल्या दुसऱ्या लेकराकडेही बघा. थोरला पितो तेव्हा धाकटी मुलगी अचानक फार शहाणी होते. मार्क चांगले आणते, काही मागत नाही, भांडण सुरू झालं की पाण्याचा तांब्या घेऊन मधे उभी राहते. तिची तक्रार नाही म्हणून तिला त्रास नाही असं नसतं. आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त तिची ठेवा, त्या वेळी भावाचा विषय काढायचा नाही.

आपण एकटेच या खाईत आहोत असं वाटत असेल तर एक आकडा ऐका. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांपैकी जेमतेम एकाला कोणतातरी उपचार मिळाल्याचं तीत दिसलं, आणि भरती होऊन उपचार घेणारा तर १८० मध्ये एक. नशेसाठी काही हुंगण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त होतं. म्हणजे तुमच्या आळीत, तुमच्या सोसायटीत अशी घरं आहेत, आणि तीही दारं लावून बसली आहेत. केंद्र सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे, मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. फोन करायला मुलाची परवानगी लागत नाही.

शेवटी वडिलांशी थोडं बोलते. आमच्या पालकांच्या बैठकीत खुर्च्या आयांनी भरलेल्या असतात. कुणी मामा येतो, कुणी आजी येते, मोठी बहीण येते. वडील गाडीत बसून राहतात, किंवा येतच नाहीत. काहींना वाटतं हे बायकांचं रडगाणं, काहींना मुलाच्या व्यसनात स्वतःची हार दिसते, आणि काही स्वतःच रोज संध्याकाळी दोन पेग घेतात म्हणून तोंड दाखवायला कचरतात. दादा, कारण काहीही असो, तुम्ही या. एका घरात आई पैसे बंद करते आणि वडील मागच्या दाराने देतात, तिथे उपचार पुढे सरकत नाही. बैठकीत कुणी तुम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार नाही. पहिल्या दिवशी बोलायचं नसेल तर नुसतं ऐका. या आठवड्यात आपल्या गावाजवळची बैठक कधी असते ते विचारून घ्या आणि दोघं मिळून या.